खाण नसलेल्या गावाचे पोलाद

अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, महाकालीची लेणी आणि बोरिवलीच्या जंगलातली कान्हेरी ज्या काळ्या पाषाणातून घडली आहेत, त्या पाषाणात लोह आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ते वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भरते. पण ते सिलिका, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्याशी असे घट्ट बांधलेले असते की भट्टी लावून ते सोडवण्याचा उद्योग कोणी केला नाही, करण्यात अर्थही नव्हता. चांगल्या लोहखनिजात साठ टक्क्यांहून अधिक लोखंड असते. साष्टी बेटावर असे खनिज नाही, दगडी कोळसाही नाही. पोलादाचा उद्योग खाणीच्या शेजारी उभा राहतो हा शाळेत शिकवलेला नियम लावला, तर कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या पट्ट्यात पोलादाने पाऊलही ठेवायला नको होते. प्रत्यक्षात विसाव्या शतकात याच पट्ट्यात आणि त्याच्या कडेला पोलाद वितळवले गेले, साच्यांत ओतले गेले, त्याच्या सळया लाटल्या गेल्या, तारा ओढल्या गेल्या, कपाटे आणि गर्डर बनले. मग नियम चुकला की नियम समजून घेण्यात चूक झाली? या प्रकरणातले म्हणणे असे की लोखंडाच्या औद्योगिकीकरणाचा इतिहास खनिजापेक्षा उष्णतेचा इतिहास म्हणून वाचला तर अधिक नीट उलगडतो. उष्णता कशातून मिळते, ती किती खर्चाने मिळते आणि ती दूर नेता येते का, या तीन प्रश्नांची उत्तरे जशी बदलत गेली तसा धातू बदलला आणि त्याचा पत्ताही बदलला. खाण नसलेली मुंबईची उपनगरे हा नियमाला पडलेला अपवाद वाटतो. पण नेमका नियम कोणता, हे तपासायला तीच जागा सर्वांत सोयीची आहे.

यंत्रयुगाआधी लोखंड काढणारी माणसे महाराष्ट्रात होती. महाबळेश्वरच्या परिसरातले धावड जांभ्यासारख्या दगडातून लोखंड काढत. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जंगलातही लहान भट्ट्या धगधगत. मातीची छोटी भट्टी, हातापायांनी चालणारा भाता आणि लोणारी कोळसा एवढाच सरंजाम. या भट्टीत लोखंड वितळून वाहत नसे. छिद्रांनी भरलेला, मळाने माखलेला गोळा हाती लागे आणि तो ठोकून ठोकून घडीव लोखंड बनवावे लागे. यात कोळशाची कामे दोन. तो जळून उष्णता देतो, आणि त्यातला कार्बन खनिजातला प्राणवायू ओढून घेतो. म्हणजे तो नुसते सरपण नाही, रसायनही आहे, आणि म्हणूनच त्याला सहजासहजी पर्याय मिळत नाही. लोखंडाच्या प्रत्येक शेरामागे कित्येक शेर कोळसा आणि त्याच्या कित्येक पट लाकूड जात असल्याने धावडांच्या धंद्याची मर्यादा डोंगरातल्या दगडाने नव्हे, डोंगरावरच्या झाडांनी ठरवली होती. एकोणिसाव्या शतकात सरकारने जंगलतोडीवर निर्बंध आणले, दुसरीकडून विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागले आणि हा धंदा बसला. खनिज तिथेच राहिले, भट्ट्या विझल्या.

इंग्लंडला हीच अडचण शंभर-दीडशे वर्षे आधी आली होती. १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने कोलब्रुकडेल इथे कोक वापरून झोतभट्टी चालवली, म्हणजे दगडी कोळसा आधी भाजून त्यातली बाष्पे आणि काही गंधक काढून टाकला. कोक लोणारी कोळशापेक्षा टणक असतो. त्याच्यावर खनिजाचा आणि चुनखडीचा कितीही उंच थर रचला तरी त्याचा भुगा होत नाही, आणि थरांमधून वारा वर जाऊ शकतो. कोळशाचे हे तिसरे काम, भार पेलण्याचे. ते लहान भट्टीत लक्षातही येत नव्हते. मोठ्या भट्टीत सगळे त्याच्यावरच अवलंबून राहिले. चांद्याची गोष्ट पुढे येईल तेव्हा हा टणकपणा आठवावा लागेल. १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या जेम्स नीलसनने भट्टीत सोडायचा वारा आधी तापवून घेण्याचे पेटंट घेतले. क्लाइडच्या कारखान्यात टनभर लोखंडाला आठ टन कोळसा लागत असे, तो काही वर्षांत तीन टनांच्या आत आला. या काळातली नावे यंत्रांची आणि संशोधकांची आहेत, पण प्रत्येक नावामागे प्रश्न एकच दिसतो: टनामागे कोळसा किती?

झोतभट्टीतून निघणारे लोखंड म्हणजे बीड. त्यात सुमारे चार टक्के कार्बन असतो. ते साच्यात छान उतरते, पण घणाखाली तडकते. त्यातला कार्बन जाळून घडीव लोखंड करण्याची रीत हेन्री कॉर्टने १७८४ मध्ये बसवली. भट्टीच्या तोंडाशी उभा राहून कामगार लांब सळईने वितळलेला रस ढवळत राही. दोन-अडीचशे किलोचा एक घाणा पुरा व्हायला दोनेक तास लागत आणि माणसाची कंबर मोडे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चौतीस किलोमीटर धावलेली आपली पहिली गाडी अशाच घडीव लोखंडाच्या, विलायतेहून जहाजाने आलेल्या रुळांवरून गेली. आजचे घाटकोपर, भांडुप आणि मुलुंड ज्या रेषेवर वसले आहेत ती रेषा आखली गेली तेव्हा स्वस्त पोलाद अस्तित्वातच नव्हते. पोलाद होते ते तलवारीसाठी, वस्तऱ्यासाठी, घड्याळाच्या कमानीसाठी, मुशीत थोडे थोडे बनवलेले. घडीव लोखंडाचा रूळ मऊ. जड गाड्यांखाली तो चेपतो, त्याचे पापुद्रे सुटतात. इंग्लंडमधल्या डर्बी स्थानकात एका वर्दळीच्या जागी असे रूळ दर तीन ते सहा महिन्यांनी बदलावे लागत. १८५७ मध्ये तिथे पोलादाचा रूळ टाकून पाहिला, तो सोळा वर्षे टिकला. मुंबईच्या दृष्टीने हा हिशेब आणखी जड होता, कारण इथे बदलायचा प्रत्येक रूळ समुद्रापलीकडून यायचा. १८६३ मध्ये बोरघाटाची चढण रेल्वेने सर केली, १८६७ मध्ये पश्चिमेकडे विरारहून बोरिवली, अंधेरी करत गाडी बॅकबेपर्यंत येऊ लागली. धातू बदलण्याचा काळ नेमका या दोन मार्गांच्या उभारणीच्या सांध्यावर येतो.

हा बदल हेन्री बेसेमरचा. ऑगस्ट १८५६ मध्ये चेल्टनहॅम इथे त्याने जो निबंध वाचला त्याचे मर्मच असे होते की इंधनाशिवाय पोलाद करता येते. वितळलेल्या बिडातून खालून जोराने हवा सोडायची. बिडातला कार्बन आणि सिलिकॉन हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावताना इतकी उष्णता देतात की रस थंड होण्याऐवजी आणखी तापतो. पंधरा-वीस मिनिटांत कित्येक टन पोलाद. कॉर्टच्या कामगाराला तेवढ्यासाठी दिवसेंदिवस ढवळावे लागले असते. अर्थात पहिल्या परवानेदारांचे हात पोळले. हवेमुळे जास्तीचा प्राणवायू धातूत शिरत होता, त्यावर रॉबर्ट मशेटने मँगनीज मिसळण्याचा उपाय दिला. फॉस्फरस मात्र हटेना. तो घालवायला भट्टीचे अस्तर चुनखडीच्या जातीचे हवे, हे सिडनी गिलख्रिस्ट टॉमसने १८७०च्या दशकाच्या शेवटी दाखवले. हा तरुण दिवसा न्यायालयात कारकुनी करीत असे आणि रसायनाचा अभ्यास संध्याकाळी. मला स्वतःला या साखळीत सीमेन्स आणि मार्टिन यांची १८६०च्या दशकातली उघडी भट्टी जास्त महत्त्वाची वाटते. बेसेमरइतकी ती नाट्यमय नाही, पण बाहेर जाणाऱ्या धुराची उष्णता विटांत साठवून परत आत घेण्याची युक्ती तिच्यात होती, आणि तिच्या पोटात मोडीत निघालेले लोखंड चांगल्या प्रमाणात घालता येत होते. भंगार हा कच्चा माल आहे, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर इथून सुरू होते. शंभर वर्षांनी कुर्ला आणि दारूखान्याच्या भंगार बाजारांना जे महत्त्व आले त्याचे मूळ या भट्टीत आहे.

आता चांद्याकडे वळू. खनिज असूनही पोलाद न होण्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडासंबंधीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि तो जमशेटजी टाटांच्या हाती पडला. नागपूरला त्यांची एम्प्रेस मिल चालू होती. चांदा तिथून काही फार दूर नव्हते. लोहारा इथे उत्तम खनिजाची टेकडीच्या टेकडी उभी, आणि त्याच जिल्ह्यात वरोऱ्याला सरकारी कोळशाची खाण, वर्ध्याहून तिथवर रेल्वे. नकाशावर यापेक्षा चांगला जोडा सापडणार नाही. पण वरोऱ्याच्या कोळशाचा कोक होत नव्हता. भाजला की त्याची टणक, सच्छिद्र ढेप बनण्याऐवजी भुगा होई, आणि भुग्यावर झोतभट्टी उभी राहत नाही. जर्मनीत केलेल्या चाचण्यांनीही हेच सांगितले. सरकारी परवान्याच्या अटीही जाचक असल्याने तेव्हा बेत मागे पडला. कर्झनच्या काळात खनिजांचे नियम सैल झाले आणि सी. एम. वेल्ड हा अमेरिकन भूवैज्ञानिक पुन्हा चांद्यात उतरला. निष्कर्ष तोच: लोखंड आहे, पण त्याला वितळवणारा कोळसा नाही. मग शोध पूर्वेकडे सरकला. नागपूरच्या संग्रहालयातल्या नकाशावरून दुर्ग जिल्ह्यातल्या धल्ली-राजहराचा माग लागला. त्यानंतर फेब्रुवारी १९०४ मध्ये भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांचे मयूरभंजच्या लोहखनिजाबद्दलचे पत्र आले. आणि अखेर कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, झरियाच्या कोकयोग्य कोळशाच्या आवाक्यात उभा राहिला. जमशेटजी तोवर गेले होते. डिसेंबर १९११ मध्ये तिथे पहिले लोखंड निघाले, १९१२ मध्ये पोलाद. चांद्यात खनिज नसल्यामुळे नव्हे, तर खनिजाशेजारचा कोळसा चुकीच्या जातीचा असल्यामुळे चांदा महाराष्ट्राचे पहिले पोलाद शहर होता होता राहिले.

यावर पहिला आक्षेप भांडवलाचा येतो, आणि तो हलका नाही. कारखाना कुठे उभा राहायचा हे पैसा ठरवतो, बाकी सगळे तपशील, असे म्हणणाऱ्यांना मुंबईतच मोठा पुरावा सापडतो. टाटा आयर्न अँड स्टील कंपनी २६ ऑगस्ट १९०७ रोजी मुंबईत नोंदली गेली. लंडनने हात आखडता घेतल्यावर भाग इथे विकायला काढले गेले आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी सगळे लागणारे भांडवल, म्हणजे १६ लाख ३० हजार पौंड, भरून टाकले. पुढे चार लाख पौंडांचे कर्जरोखे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी एकट्याने उचलले. पण या पुराव्याचा रोख नीट पाहिला तर तो आक्षेपाच्या उलट जातो. पैसा मुंबईचा, कचेरी मुंबईची, संचालक मुंबईचे. तरी भट्टी दीड हजारांहून अधिक किलोमीटर लांब. भांडवलाला आपल्या अंगणात कारखाना हवा असता तर कापडगिरण्यांसारखा तो गिरणगावातच निघाला असता. कापसाची गाठ रेल्वेने आणून परळला सूत कातणे परवडत होते; टनभर पोलादासाठी कित्येक टन खनिज, कोळसा आणि चुनखडी घाटावरून आणणे परवडणारे नव्हते. पैशाने कारखाना होईल की नाही ते ठरवले. तो कुठे होईल, हे कोळशाने.

कापडगिरण्यांनाही कोळसा छळतच होता. मुंबईला तो बंगालहून किंवा थेट इंग्लंडहून यायचा, महाग पडायचा. त्यातून सह्याद्रीच्या पावसावर वीज करण्याची योजना पुढे आली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथे पाणी अडवून ते घाटमाथ्यावरून पाचशे मीटरांहून अधिक खाली खोपोलीच्या यंत्रांवर सोडले, आणि १९१५ मध्ये ती वीज मुंबईत पोहोचली. पाठोपाठ भिवपुरी, मग भिरा. उष्णतेच्या इतिहासात हा टप्पा वेगळा आहे, कारण इथे प्रथमच जाळण्याची जागा आणि वापरण्याची जागा यांची ताटातूट झाली. किंबहुना जाळण्यासारखे काही उरलेच नाही. तारेतून उष्णता साठ-सत्तर किलोमीटर जाऊ लागली. ही वीज स्वच्छ होती, फुकट मात्र नव्हती. भिऱ्याच्या योजनेसाठी मुळशीचे खोरे पाण्याखाली घालायचे ठरले तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला. त्याच लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना सेनापती हे नाव दिले. धरण झाले, गावे बुडाली. मुंबईच्या गिरण्यांचा आणि नंतर उपनगरांतल्या भट्ट्यांचा हिशेब मांडताना विजेचा दर धरतात, ती भातखाचरे धरत नाहीत.

विजेने पोलाद वितळवण्याची कल्पनाही डोंगराळ मुलखातच रुजली. फ्रान्समधल्या सव्हॉयच्या आल्प्स भागात ला प्राझ इथे पॉल एरूने १९००च्या सुमारास कार्बनच्या जाड कांड्या आणि धातू यांच्यामध्ये विजेची ज्योत पाडून पोलाद केले. कांडी खाली येते, भंगाराशी कडाडत ज्योत पडते, आणि त्या प्रचंड तापमानात भंगाराचा ढीग पाण्यासारखा होतो. या भट्टीचे वैशिष्ट्य रसायनाच्या अंगाने पाहावे. कोळशाची तीन कामे सांगितली: तापवणे, प्राणवायू ओढणे, भार पेलणे. भंगारातला प्राणवायू आधीच काढलेला असतो आणि भार पेलण्याचा प्रश्न येत नाही. उरले फक्त तापवणे, आणि तेवढे वीज करते. आधुनिक भट्टीत टनामागे साधारण चारशे ते पाचशे युनिट पुरतात. कोक नको, कोकभट्टी नको, शंभर फुटी मनोरा नको. एका शेडमध्ये काम भागते. कोळशाच्या खाणीला बांधलेला दोर इथे तुटला. मुंबईत वीज होती, जहाजे मोडणारा दारूखाना होता, रेल्वेची कारखानदारी होती, कापडगिरण्यांची झिजलेली यंत्रे होती. १९३७ मध्ये लाहोरला सुरू झालेली मुकुंद आयर्न अँड स्टील ही कंपनी बजाज घराण्याकडे आली, आणि फाळणीनंतर तिचे काम मुंबईत एकवटले. कुर्ल्यात तिची फौंड्री, खाडीपलीकडे कळव्याला पोलादाच्या विद्युत भट्ट्या. खोपोलीला, जिथे टाटांचे पाणी खाली उतरते त्याच गावात, महिंद्रांनी १९६०च्या दशकात फ्रान्सच्या युजीन कंपनीबरोबर मिश्रपोलादाचा कारखाना काढला. युजीन हे सव्हॉयमधलेच गाव, एरूच्या ला प्राझपासून फार लांब नाही. आल्प्सच्या पायथ्याचे तंत्र सह्याद्रीच्या पायथ्याला आले ते योगायोगाने नव्हे. दोन्हीकडे डोंगरावरून पडणारे पाणी होते.

दुसरा आक्षेप अर्थतज्ज्ञांचा. ते म्हणतील, उपनगरांतल्या पोलादी कारखानदारीचे श्रेय विजेला देऊ नका, दिल्लीला द्या. १९५०च्या दशकात केंद्र सरकारने पोलादावर समान वाहतूक दराचे धोरण लावले आणि ते १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकले. पोलाद जमशेदपूरला घ्या नाहीतर मुंबईला, वाहतूक धरून भाव सारखाच. बिहार, बंगाल आणि ओरिसाला खाणीजवळ असण्याचा जो फायदा मिळायला हवा होता तो यामुळे गेला, आणि बाजारपेठेजवळच्या मुंबईचे फावले. हे खरे आहे आणि पूर्वेकडच्या राज्यांची तक्रार रास्त आहे. मुलुंडला रिचर्डसन अँड क्रुडासच्या आवारात पूल आणि सांगाडे जोडले जात. ही कंपनी १८५८ पासूनची, मूळ भायखळ्याची. विक्रोळीला गोदरेजची पत्र्याची कपाटे होत, आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो लोखंडी मतपेट्या तिथेच घडल्या. बोरिवलीला टाटांच्या स्पेशल स्टील्समध्ये जाड कांबीपासून तार ओढली जाई: आम्लात धुऊन गंज काढायचा, एकापेक्षा एक बारीक छिद्रांतून खेचायची, मध्ये पुन्हा तापवून मऊ करायची. अंधेरीच्या मरोळला औद्योगिक वसाहत झाली आणि साकीनाक्यापर्यंतचे गाळे लेथ आणि उष्णोपचाराच्या लहान भट्ट्यांनी भरले. यातल्या बहुतेकांना तयार पोलाद लागत होते, आणि ते समान दराने मिळाले हा मोठाच टेकू होता. पण हे स्पष्टीकरण पोलाद कापणाऱ्या, वाकवणाऱ्या आणि ओढणाऱ्यांना लागू पडते. वितळवणाऱ्यांना ते लागू पडत नाही, उलट त्यांच्या विरुद्ध जाते. जमशेदपूर आणि भिलईचे पोलाद मुंबईत स्वस्त करणारे धोरण मुंबईत पोलाद करणाऱ्याला स्पर्धेत खाली ढकलते. तरी भट्ट्या आल्या. कारण भाव सारखा असला तरी माल मिळत नव्हता, कोट्यासाठी वर्ष वर्ष थांबावे लागत होते, आणि भंगार वितळवायला वीज हाताशी होती.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. भंगार वितळवणे म्हणजे पोलाद करणे नव्हे. ते दुसऱ्याने केलेले पोलाद पुन्हा वापरणे आहे. कुर्ल्याच्या भट्टीत जाणारा जुना रूळ कधीतरी कुठल्यातरी झोतभट्टीत कोक जाळूनच जन्मला होता. म्हणजे उपनगरांनी कोळशापासून सुटका मिळवली नाही, दुसऱ्या देशाने आणि दुसऱ्या दशकाने जाळलेल्या कोळशावर ती जगली. हे बरेचसे मान्य करायला हवे. पण त्यातून उष्णतेचा सिद्धांत ढासळत नाही, त्याला काळाचे परिमाण मिळते. खनिजातून लोखंड सोडवताना जो खर्च होतो त्यातला मोठा भाग प्राणवायू काढण्यावर जातो, आणि तो एकदाच करावा लागतो. भंगार हे आधीच खर्चलेल्या इंधनाची साठवण आहे. सुरुवातीला ज्या देशात पोलादच नाही तिथे भंगार कुठून येणार? औद्योगिकीकरण दोन-तीन पिढ्या चालल्यावरच हा साठा तयार होतो, आणि तो खाणीपाशी साठत नाही, तर बंदरे, रेल्वे कारखाने आणि गिरण्या जिथे असतात तिथे साठतो. इंग्लंडमध्ये तो शेफील्डच्या आसपास साठला, आपल्याकडे मुंबईत. म्हणून उपनगरांतली विद्युत भट्टी १९०७ मध्ये शक्य नव्हती आणि १९५७ मध्ये शक्य झाली.

ज्या हिशेबाने भट्ट्या आल्या त्याच हिशेबाने त्या गेल्या. शहर वाढले, भट्टीखालच्या जमिनीचे मोल भट्टीतून निघणाऱ्या पोलादापेक्षा जास्त झाले, धूर आणि आवाज शेजारच्या इमारतींना नकोसे झाले. सह्याद्रीची वीज वाढत्या महानगरात वाटली जाता जाता अपुरी पडली आणि औष्णिक विजेचा दर चढला. दरम्यान सळई बनवणाऱ्यांची मोठी वस्ती जालन्याला झाली. तिथेही खाण नाही, बंदर नाही. प्रवर्तन (इंडक्शन) भट्ट्या आहेत आणि सगळी बोलणी युनिटच्या दरावर होतात. २०१६ मध्ये राज्य सरकारने विदर्भ आणि मराठवाड्यातल्या उद्योगांना वीजदरात सवलत दिली, तेव्हा तिच्या बाजूने आणि विरोधात सर्वांत जास्त आवाज पोलादवाल्यांचाच होता. अंधेरीच्या गोखले पुलाचे नवे गर्डर तर अंबाल्याला तयार होऊन सुट्या भागांत ट्रकने आले. एके काळी मुलुंडला असले काम होत असे. पूल जोडायला मोठी उष्णता लागत नाही, त्यामुळे तो धंदा उष्णतेच्या नियमात बसत नाही. तिथे मजुरी, जागा आणि निविदेतला दर बोलतो. नियमाची हद्द कुठे संपते ते या गर्डरांवरून कळते.

भंगारालाही एक हद्द आहे, आणि ती रसायनाची आहे. मोटारीचे भंगार वितळवताना त्यातल्या तारांचे तांबे पोलादात उतरते. हवेच्या झोताने कार्बन जाळता येतो, चुन्याने फॉस्फरस बांधता येतो, पण तांबे लोखंडाइतक्या सहजी प्राणवायूला भुलत नाही, म्हणून ते काढता येत नाही. प्रत्येक वितळणीबरोबर त्याचे प्रमाण चढते आणि तापलेले पोलाद लाटताना पृष्ठभागाला भेगा पडतात. उपाय एकच: त्यात नवे, निर्मळ लोखंड मिसळायचे. ते आता स्पंज आयर्नच्या रूपाने येते. यात खनिज वितळवत नाहीत. फिरत्या लांब नळकांड्यात हजार अंशांच्या आसपास तापवून त्यातला प्राणवायू तेवढा काढून घेतात. वितळायचे नसल्यामुळे उंच थर रचायचा नाही, थर नाही म्हणून टणक कोकही नको. जो कोळसा भाजल्यावर भुगा होतो म्हणून नाकारला गेला, त्या जातीचा कोळसा इथे चालतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला असे स्पंज आयर्न होते, आणि १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्यात असलेल्या गडचिरोलीतल्या सुरजागडचे खनिज आता तिथे वापरले जाते. फॉन श्वार्ट्झच्या अहवालातला प्रदेश शंभर वर्षांनी पोलादाच्या नकाशावर आला तो नवे खनिज सापडले म्हणून नव्हे, जुना कोळसा वापरण्याची रीत सापडली म्हणून. किंमत मात्र भरावी लागते: कोळशावरच्या स्पंज आयर्नमधून टनामागे बाहेर पडणारा कार्बन झोतभट्टीपेक्षा कमी नसतो, अनेकदा जास्तच असतो. याच कामासाठी रायगड जिल्ह्यात डोलवीला नैसर्गिक वायू वापरण्याचा मार्ग १९९०च्या दशकात निवडला गेला, कारण मुंबई हायचा वायू उरणपर्यंत आलेला होता. वायू कार्बनबरोबर हायड्रोजनही देतो, त्यामुळे धूर कमी. पुढे वायू महाग आणि दुर्मीळ झाला, तेव्हा तिथे कोकभट्टीतून निघणारा वायू त्यात मिसळण्याची सोय करण्यात आली.